चाळीस मिनिटांची गळती

९ जानेवारी

मोजपट्टे,

पत्र आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तुला कळलंच असेल. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो काकू, हो काकू" करतेस आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी कागद पुढे सरकवायला सांगतेस. लिहिलेलं वाचावंच लागतं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चालवून घे. शाळा चौथीपर्यंत, त्यातही अर्धी धाकट्या भावाला कडेवर घेऊन.

तुमच्या पाणी-आराखड्याच्या ऑफिसातून दोन माणसं आली होती. लांब काठीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. तीन दिवस असं चाललं. शेवटी इस्त्रीवाल्याने विचारलं, काय म्हणतोय रस्ता? ते म्हणाले, गळती ऐकतोय. इथून निघालेलं पाणी घरापर्यंत पोचत नाही म्हणे.

मग माझ्याकडे वळले. बाई, तुम्ही इथे काय करता? मी म्हटलं, माझे यजमान गेले, त्यांच्या जागी मी लागले. अकरा वर्षं झाली. या गावात पाण्याच्या पाइपांवर सतरा चाव्या आहेत, त्या मीच उघडते आणि मीच बंद करते, आणि माझ्या खांद्याएवढा हा लोखंडी दांडा काही केस विंचरायला नाही. त्यांनी विचारलं, गळती कुठे असेल? मी म्हटलं, जमीन पीत असेल. ते लिहून घेतलं की काय देव जाणे.

पूर्वी पंपघरामागे भाजीचे मळे होते, आता चौदा मजले उभे राहिलेत. पाण्याला माणसं कमी पडत नाहीत. आता तुम्हाला काय शोधायचंय ते सरळ सांग.

काकू


२१ जानेवारी

काकू,

तुझं पत्र मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचलं. इस्त्रीवाल्यापाशी आले आणि हसू फुटलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, मी खोकले.

ती माणसं मीच पाठवली होती. आपल्या बाजूची सात गावं एकमेकांना चिकटून एकच शहर होत चाललंय. पाणी मात्र सात ठिकाणांहून, सात तऱ्हांनी येतं. आता सगळ्यांचा मिळून एक आराखडा होतोय, पुढच्या तीस वर्षांचा. कुठे किती माणसं राहतील, टाकी कुठे बांधायची, कुणाच्या वाट्याला किती पाणी. एकदा सही झाली की तीस वर्षं तेच चालणार.

तुमच्या पंपघरातून रोज चार लाख लिटर निघतं आणि घरांच्या मीटरवर तीन लाख पोचतं. चारातलं एक लाख जातं कुठे? सातही गावांत एवढी गळती कुठे नाही. पण यात तुमचा फायदाच आहे. गळती जास्त म्हणून नवे पाइप सगळ्यात आधी तुमच्याकडे येतील. जे जुनं आहे आणि नकाशावर नाही, ते तोंड बुजवून कायमचं बंद.

आमच्याकडचा नकाशा मी जन्मायच्या आधीचा आहे. तुझ्या सतरा चाव्या कागदावर काढून पाठवशील? आणि पाइप कुठे फुटला असेल, तुझा अंदाज?

तुझी मोजपट्टी


२ फेब्रुवारी

मोजपट्टे,

कॅलेंडरच्या पाठीमागे नकाशा काढलाय. वाकडी रेघ दिसली तर तिथे रस्ताच वाकडा आहे असं समज.

प्रत्येक चावीपाशी आटे लिहिलेत, किती फिरवले की किती उघडते ते. पाचवीला जोर लागतो, तिच्यापुढे पाय भिंतीला लावावा लागतो. बारावीच्या झाकणावर एक माणूस रोज गाडी लावतो आणि रोज माझ्या शिव्या खातो, दोघांनाही सवय झालीय. नववी मात्र नीट वाच. सगळ्या चाव्या उजवीकडे फिरवल्या की बंद होतात, नववी डावीकडे. बसवणाऱ्याने उलटी बसवली आणि तिला सुलटी करायला कुणाला वेळ झाला नाही. तुझ्या काकांनी लग्नानंतर मला पहिली गोष्ट सांगितली ती ही. बायकोला सांगायला एवढंच सापडलं त्यांना.

गळती म्हणशील तर लाकडाच्या वखारीसमोर बघा. तिथे जड ट्रक वळतात. पाइप दबला असणार.

आणि सहज विचारते. खाणीची टेकडी आहे ना, पंपघराच्या वर, ती तुमच्या आराखड्यात कशी काय दाखवलीय?

गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात दोन दिवस दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेणार आहे. काळजी करून फोन करू नकोस.

काकू


१९ फेब्रुवारी

काकू,

वखारीसमोर दोन दिवस खोदलं. आत भाकरीच्या पिठासारखी कोरडी माती. ट्रक अडकले, वखारवाला चिडला, आणि साहेब मला सगळ्यांसमोर म्हणाले की आता विहीरच खोदा, निदान पाणी तरी लागेल.

टेकडी नकाशात आहे. "मोकळी जागा, लोकसंख्या शून्य". पुढे कधीतरी बाग होईल असं लिहिलंय.

आता दुसरं. काठीने ऐकू आलं नाही म्हणून आम्ही टाकीवर एक यंत्र बसवलं. टाकीत पाणी केव्हा किती येतं ते मिनिटामिनिटाला टिपतं. पंप पहाटे पाचला सुरू होतो, टाकी भरू लागते. पाच वीसला टाकीत येणारं पाणी थांबतं. पंप चालूच. सहाला पुन्हा येऊ लागतं. रोज चाळीस मिनिटं, एक मिनिट इकडे ना तिकडे. फुटलेला पाइप घड्याळ बघून गळत नाही, काकू.

पंधरा दिवसांत फक्त दोन दिवस असं झालं नाही. दहा आणि अकरा तारखेला टाकी सलग भरली. तुमच्याकडची हजेरी आमच्याकडे येते. त्या दोन दिवशी तुझी रजा होती. गुडघा.

यंत्राचे आकडे साहेबांसमोर ठेवलेत. हजेरी फक्त मी पाहिली आहे.

अठरावी चावी कुठे आहे, काकू?

मोजपट्टी


१५ मार्च

मोजपट्टे,

महिनाभर उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. तोंड नव्हतं.

लहानपणी तू आमच्याकडे राहायला यायचीस तेव्हा दाराची उंची, मांजराची शेपूट, माझा अंबाडा, सगळं मोजायचीस. तेव्हाच समजायला हवं होतं की ही पोरगी एक दिवस मलाच मोजणार.

अठरावी चावी पंपघराच्या मागच्या फरशीखाली आहे. टेकडीवर खाण चालायची तेव्हा पंपापासून खाणीच्या हौदापर्यंत पाइप टाकला होता. खाण बंद पडली, माणसं उठली, पाइप तिथेच राहिला. कुणी काढला नाही आणि कुणी कागदावर लिहिलाही नाही. तुझ्या काकांना ठाऊक होता. पंप चालू असतानाच पाणी तेवढं वर चढतं, म्हणून पहाट.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात एक बाई पंपघराच्या दारात येऊन उभी राहिली. शिवणकाम करते. दोन्ही हातांत रिकामे डबे. टेकडीवर बावीस घरं उभी राहिलीत म्हणाली. खालच्या नव्या इमारती बांधणारेच ते लोक, विटा वाहणारे, रंग देणारे, पुढे त्याच घरांत भांडी घासणारे. इमारतीत राहणारी माणसं तुमच्या नकाशात आली, बांधणारी नाही आली. मी फरशी उचलली. म्हटलं, एक दिवस. तो एक दिवस अकरा वर्षं चाललाय.

कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, चहा घेतला. दुसरं काही नाही.

आता तिथे चारशे बारा घरं आहेत. चाळीस मिनिटांत हौद भरतो आणि दिवसभर नंबराने घरटी एक पिंप भरतं. दोनशे लिटर, मग घरात दोन माणसं असोत की नऊ. भांडणं होऊ नयेत म्हणून शिवणवालीने प्रत्येक घराला नंबर शिवलेली चिंधी दिलीय. चिंधी पिंपाला बांधली नसेल तर नळी मिळत नाही. तुमच्या ऑफिसपेक्षा नीट चालतं.

वखारीचं खोटं सांगितलं. तुला बोलणी बसली, त्याचं वाईट वाटतं. मला सेवेची दोन वर्षं उरलीत. हे बाहेर आलं तर मी जाईन आणि अठरावीही जाईल. म्हणून एकच मागते. पेन तुझ्या हातात आहे. त्या लाखाचे वीस हजार कर. वीस हजारांची गळती सगळीकडेच असते, कुणी काठी घेऊन फिरत नाही. आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नाही.

आणि गळती म्हणू नकोस त्यांना. घरं आहेत ती.

काकू


२४ मार्च

काकू,

तुझं पत्र चारदा वाचलं. आकडा बदलणार नाही. रागवायच्या आधी पुढचं वाच.

समजा मी एक लाखाचे वीस हजार केले. तुझी नोकरी वाचेल. दोन वर्षांनी नवे पाइप येतील, पंपघर पाडतील, जुनी लाइन तोंड बुजवून बंद होईल. टेकडीवर लोकसंख्या शून्य, म्हणून तिकडे नवा पाइप नाही. शून्याला तीस वर्षं पाणी मिळत नसतं. तू निवृत्त होऊन घरी बसलेली असशील आणि शिवणवाली पुन्हा डबे घेऊन उभी असेल, पण कुणाच्या दारात?

एक गोष्ट मीही लपवलीय. "नकाशावर नाही ते बंद" हे वाक्य आराखड्यात साहेबांनी घातलेलं नाही. मी घातलं. गळती थांबवायचा तो सगळ्यात सोपा उपाय होता आणि त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

ते वाक्य मी एकटी खोडू शकत नाही. टेकडी आराखड्यात यायची तर एकच वाट आहे. वीस एप्रिलला हरकतींची सुनावणी आहे. तिथे कुणीतरी लिहून द्यायला हवं की वर घरं आहेत, किती आहेत, केव्हापासून आहेत आणि पाणी कुठून जातं. टेकडीवाल्यांकडे घरांचे कागद नाहीत. पाणी जातं हे सांगू शकेल असं माणूस एकच आहे.

तू लिहून दिलंस तर तू माझी काकू आहेस हे मला आधी साहेबांना सांगावं लागेल. मग तुमच्या गावाचं काम माझ्याकडून काढतील. सुनावणीला मी नसेन. नाही दिलंस तर हजेरीबद्दल मी कुणाला बोलणार नाही, हे वचन. ठरव तू.

मोजपट्टी


८ एप्रिल

मोजपट्टे,

दोन दिवस तुला मनातल्या मनात धोपटलं. तिसऱ्या दिवशी राग उतरला आणि नुसता गुडघा राहिला. मग टेकडी चढले.

हौदापाशी सगळ्यांना बसवून जसं आहे तसं सांगितलं. निम्मे म्हणाले, गप्प राहू, दोन वर्षं तर दोन वर्षं. एक रंगारी म्हणाला, आपण मोजले गेलो की उठवतील आपल्याला. खोटं नव्हतं त्याचं, भीती मलाही तीच. शिवणवाली नुसती चिंध्यांच्या घड्या करत बसली होती. शेवटी बोलली. "अकरा वर्षं ही बाई आपल्यासाठी चोर झाली. आता आपण तिला अजून दोन वर्षं चोरच ठेवायचं का?" त्यावर रंगारीच म्हणाला, द्या लिहून.

मी तिला म्हटलं, आमची मोजपट्टी विचारतेय, घरं केव्हापासूनची, आणि तुमच्याकडे कागद एक नाही. ती म्हणाली, कागद कशाला, दोरा आहे की. दर वर्षी तिचा दोऱ्याचा रंग बदलतो. पहिल्या वर्षी पांढरा, मग निळा, मग विटकरी. ज्या वर्षी घर आलं त्या रंगात नंबर. बावीस पांढरे आहेत. निळे एकतीस. सगळ्यात जास्त चौदा मजले बांधले त्या वर्षी, पिवळे, अठ्ठ्याण्णव. बोटावर धडाधड सांगितलं तिने. मी चौथीवाली आणि ती शाळेची पायरी न चढलेली, आम्ही दोघींनी मिळून तुमच्या ऑफिसचं काम केलं. कळव साहेबांना.

मग पंपघराच्या मुकादमाकडे गेले. त्याच्यामागून करायचं नव्हतं. सगळं ऐकून तो खिडकीकडे बघत म्हणाला, मला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही. म्हटलं, मी उजवीकडे बसलेय. म्हणाला, मग उजवाही गेला. अकरा वर्षं पंपाच्या वेळांवर तोच सही करतो. त्याला काय ठाऊक नव्हतं?

सोबत लिहून दिलंय. सुधारू नकोस.

"मी पंपघराची चावीवाली. मी अकरा वर्षं रोज पहाटे चाळीस मिनिटं पाणी खाणीच्या टेकडीवर सोडते. तिथे चारशे बारा घरं आहेत. मला कुणी सांगितलं नाही, मी माझ्या मनाने केलं. पाणी गळत नाही, पितात."

काकू


१२ एप्रिल

काकू,

सुधारलं नाही. शेवटचं वाक्य माझ्या वहीत उतरवून घेतलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं, आणि तुमच्या गावाची फाइल पलीकडच्या टेबलावर गेली. "नकाशावर नाही ते बंद" हे वाक्य खोडावं, असं मात्र मी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय. सुनावणीला मी खालच्या मजल्यावर असेन. आटे सांगू नकोस त्यांना, लिटर सांग. आणि दांडा घेऊन येऊ नकोस.

मोजपट्टी


११ मे

मोजपट्टे,

दांडा नेला. बसमध्ये दोघांच्या पायावर टेकला, दारावरच्या पहारेकऱ्याने अडवला. मी म्हटलं, हा माझा पुरावा आहे. तो म्हणाला, पुरावा बाहेर ठेवा. ठेवला.

जिन्यात तू दिसलीस. बोललीस नाहीस ते बरं केलंस, मी रडले असते आणि आत माझा आवाज गेला असता.

तुमच्या साहेबांनी विचारलं, रोज किती पाणी? मी सवयीने म्हटलं, साडेसहा आटे, चाळीस मिनिटं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग म्हटलं, चारशे बारा पिंपं, दोनशे लिटरची. त्यांनी कागदावर गुणाकार केला, यंत्राचे आकडे काढले आणि शेजारी ठेवले. बरोबर बसला हिशेब.

शिवणवालीने चिंध्या टेबलावर मांडल्या, रंगाने लावून. तुमच्या भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांपेक्षा बऱ्या दिसत होत्या. पलीकडच्या टेबलावरचा म्हणाला, कपड्याचे तुकडे आम्ही पुरावा म्हणून कसे धरायचे? साहेबांनी पिवळी चिंधी उचलली, नंबर वाचला आणि म्हणाले, आपल्या ऑफिसच्या अंदाजापेक्षा हे नीट आहे. माणसं पाठवून घरं मोजून घ्या, चूक निघाली तर दाखवा. मला मात्र म्हणाले, बाई, केलंत ते नियमात बसत नाही. मी म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच पहाटे करत होते.

मग नोटीस आली. पंधरा दिवस घरी. माझ्या जागी नवा माणूस आला. त्याला अठरावी कुणी सांगितली नाही. वर तीन दिवस पाणी नाही. टेकडीवरून कुणीही माझ्या दारात आलं नाही, एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादम दारात, पँट गुडघ्यापर्यंत ओली. नव्या माणसाने नववी बंद करायला उजवीकडे फिरवली. बंद होईना म्हणून अजून फिरवली, अजून फिरवली. खालच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी, चौदा मजल्यांत थेंब नाही. मी म्हटलं, माझ्या पुतणीच्या नकाशात लिहिलंय की सगळं. तो म्हणाला, नकाशा तिच्याकडे, चावी याच्याकडे. मी चहा संपवला. मग गेले.

पंधराचे चार दिवस झाले. निकाल लागेपर्यंत अठरावीही चालू ठेवायची असं साहेबांचं पत्र आलंय. पत्र आलं त्याच दिवशी दुपारी अठरावी उघडली, पंप चालू करून, सगळ्यांच्या देखत. अकरा वर्षांत पहिल्यांदा उजेडात फरशी उचलली. खाली एवढी झुरळं असतात हे मला ठाऊक नव्हतं.

काकू


२ ऑगस्ट

काकू,

काल सही झाली. सोबत तुमच्या गावाचं पान. पलीकडच्या टेबलावरून मागून आणलं, त्याने हसत दिलं. त्याने स्वतः टेकडीवर जाऊन घरं मोजली होती. चारशे चौदा निघाली. दोन नवी आलीत, कळव शिवणवालीला.

"मोकळी जागा" गेली. तिथे आता वस्ती आहे, टाकी आहे, दोन वर्षांत नवा पाइप आहे. अठरावी चावी नवा पाइप सुरू होईपर्यंत बंद करायची नाही. माझं वाक्य खोडलं गेलंय. त्याऐवजी लिहिलंय: नकाशावर नाही ते आधी जाऊन बघावे.

यंत्राच्या हिशेबात अजून साधारण अठरा हजार लिटर शिल्लक आहेत, ती खरी गळती. कुठे असेल? या वेळी खरं सांग.

मोजपट्टी


१४ ऑगस्ट

मोजपट्टे,

नववीपाशी. उलटी बसवल्यापासून गळतेय. मी पहिल्या पत्रातच सांगितलं असतं, पण तुम्ही नववी खोदली असती तर पंपघरामागची फरशी पाच पावलांवर होती. आता खोदा.

पान टेकडीवर नेलं. हौदावर पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले. माणसं आपापलं घर शोधू लागली. एवढ्याशा निळ्या ठिपक्यात कुणाचं घर दिसणार? तरी रंगाऱ्याने बोट ठेवलंच, हे माझं. त्याच्या बायकोने बोट उचलून केसभर बाजूला ठेवलं, म्हणाली, इथे, ते आपलं नाही.

नवा पाइप आला की घरोघर नळ येईल, मग तुझ्या चिंध्या कशाला लागतील, असं मी शिवणवालीला चिडवलं. ती म्हणाली, दोन वर्षं आहेत अजून, आणि सरकारी दोन म्हणजे आपली किती ते बघू. मग कागदावर बोट ठेवून तिने विचारलं, हा आकडा कसला? तुम्ही ऑफिसवाल्यांनी टेकडीपुढे लिहिलाय तो. मी म्हटलं, तीस वर्षांनी इथे किती घरं होतील, त्या सगळ्यांचं पाणी आताच धरून ठेवलंय. अकराशे.

तिने मनात वजाबाकी केली. ओठ हलत होते. मग उठली, पदर खोचला आणि बाजाराच्या वाटेला लागली. मी ओरडून विचारलं, कुठे निघालीस?

"दोरा आणायला," म्हणाली.

काकू